ड्युटी लावणारा माणूस

माझ्या पीएमईच्या, म्हणजे रेल्वेत ठरावीक काळाने होणाऱ्या वैद्यकीय तपासणीच्या, फाइलमध्ये ईसीजीची एक जुनी पट्टी आहे. गुलाबी चौकटींचा कागद, त्यावर ठोक्यांची टोकं. डॉक्टरांनी दोन टोकांमधलं अंतर पेन्सिलीने मोजलं, मग पुढच्या दोन टोकांमधलं, मग त्यापुढच्या. एकही अंतर दुसऱ्यासारखं नव्हतं. "छातीत काही जाणवतं का हो तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही." खरंच काही जाणवत नव्हतं. आदल्या रात्रीच मालगाडी घेऊन आलो होतो, घाट उतरलो होतो, वेळेत साइन ऑफ केलं होतं.

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं. मी तेव्हा ४७ वर्षांचा होतो आणि २३ वर्षं फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनात, काढली होती. लोको पायलटला, म्हणजे इंजिन ड्रायव्हरला, ए-वन हा वैद्यकीय दर्जा लागतो आणि तो माझ्या हातून गेला. मला लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर जिथे ड्युटीची हजेरी लावतात तिथे, क्रू कंट्रोलरच्या टेबलावर बसवलं. कालपर्यंत मी गाडी नेत होतो, आजपासून कोण कुठली गाडी नेणार ते मी ठरवायचं. डॉक्टर बरोबर होते. हजार-बाराशे माणसं मागे बसलेली असताना ड्रायव्हरच्या छातीत काय चाललंय याची शंका असून चालत नाही. पण हे कळणं आणि रात्री अडीच वाजता खिडकीतून इंजिनाचा हॉर्न ऐकणं यात फार फरक आहे.

अशाच एका नाइटला मोबाइलवर त्या आजाराचं नाव टाकून वाचत बसलो होतो आणि डीक स्लेटन हा अमेरिकन अंतराळवीर भेटला. गेली बारा वर्षं मी या माणसाबद्दल मिळेल ते वाचतोय. आर्मस्ट्राँग सगळ्यांना ठाऊक असतो. आर्मस्ट्राँगला चंद्रावरची ती ड्युटी ज्याने लावली, तो हा.

डोनाल्ड केंट स्लेटन. जन्म १ मार्च १९२४, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं स्पार्टा. शेतकऱ्याचा मुलगा. पाच वर्षांचा असताना गवत कापायच्या यंत्रात डाव्या हाताचं अनामिकेचं बोट गेलं. तरीही तो पायलट झाला. दुसऱ्या महायुद्धात युरोपात बी-२५ बॉम्बर घेऊन ५६ मोहिमा केल्या, नंतर जपानवर आणखी सात. युद्ध संपल्यावर मिनेसोटा विद्यापीठातून विमान अभियांत्रिकीची पदवी घेतली, दोन वर्षं बोइंगमध्ये नोकरी केली, परत हवाई दलात गेला आणि कॅलिफोर्नियात एडवर्ड्सच्या तळावर टेस्ट पायलट झाला. तिथे आणखी एक डॉन होता म्हणून याला डी. के. म्हणू लागले. डी. के.चा डीक झाला तो कायमचा.

९ एप्रिल १९५९ला नासाने पहिले सात अंतराळवीर जगापुढे आणले. कार्पेंटर, कूपर, ग्लेन, ग्रिसम, शिरा, शेपर्ड आणि स्लेटन. अंतराळात माणूस जगू शकतो की नाही हेही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. अंतराळात जाणारा पहिला माणूस, गागारिन, जायला अजून दोन वर्षं होती. त्या सातांच्या शरीराचं असं काही उरलं नव्हतं की जे डॉक्टरांनी तपासलं नाही, आणि त्या सगळ्या तपासण्यांत स्लेटन पास झाला होता.

मग त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात जॉन्सव्हिलच्या सेंट्रिफ्यूजवर, म्हणजे माणसाला गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, सराव चालू असताना ईसीजीच्या तारा जोडलेल्या होत्या आणि ठोके चुकताना दिसले. पट्टीवर तेच, माझ्यासारखंच. त्यालाही काही जाणवत नव्हतं. डॉक्टरांनी उलटसुलट तपासलं, कारण सापडलं नाही, आणि हवाई दलाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी उड्डाणाला हरकत नाही असं सांगितलं. अधूनमधून ठोके बिघडायचे. तो धावायला जायचा आणि ते जागेवर यायचे.

नोव्हेंबर १९६१मध्ये जाहीर झालं की ग्लेन पृथ्वीभोवती फेऱ्या मारणार आणि त्याच्या पुढचं यान स्लेटनचं. त्याने यानाचं नाव ठरवलं, डेल्टा ७. डेल्टा हे ग्रीक वर्णमालेतलं चौथं अक्षर आणि हे अमेरिकेचं चौथं मानवी उड्डाण. २० फेब्रुवारी १९६२ला ग्लेन जाऊन आला आणि सारा देश रस्त्यावर आला. आणि नेमकं त्याच वेळी स्लेटनची जुनी फाइल वर गेली. वर म्हणजे अगदी वर, हवाई दलाच्या मंत्र्यापर्यंत. पुन्हा हृदयरोगतज्ज्ञ बसले. त्यांनी असं नाही म्हटलं की हा माणूस उडाला तर मरेल. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की ही तक्रार नसलेले दुसरे पायलट हाताशी असतील तर त्यांना पाठवा. मार्चच्या मध्याला, उड्डाणाला दोन-अडीच महिने उरले असताना, त्याला उतरवलं. नव्याने काहीही बिघडलेलं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वीची तीच पट्टी, तेच ठोके.

"हे नसलेले दुसरे आहेत." ज्याने हे वाक्य स्वतःबद्दल ऐकलंय त्यालाच त्याचं वजन कळेल. त्यात चूक काहीच नाही, म्हणूनच भांडायलाही जागा नाही.

त्याच्या जागी स्कॉट कार्पेंटर गेला, २४ मे १९६२ला, यानाचं नाव बदलून ऑरोरा ७. आणि स्लेटन त्या दिवशी कुठे होता? ऑस्ट्रेलियात, मुचीच्या ट्रॅकिंग स्टेशनवर, म्हणजे यानाचा माग ठेवणाऱ्या केंद्रावर, कानाला हेडसेट लावून. आपलं यान डोक्यावरून जातंय, आत दुसरा माणूस बसलाय, आणि आपण खालून त्याला विचारायचं, सूटचं तापमान किती आहे, इंधन किती उरलंय. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फोन बाजूला ठेवून लॉबीच्या बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

कार्पेंटर ठरलेल्या जागेपासून सुमारे चारशे किलोमीटर पुढे जाऊन समुद्रात उतरला, सुखरूप सापडला. स्लेटन असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मी सोडून दिलाय.

सप्टेंबर १९६२मध्ये अंतराळवीरांच्या कामाची सगळी जुळवाजुळव त्याच्याकडे आली. हवाई दलाने त्याच्यावर अट घातली होती, एकट्याने विमान न्यायचं नाही, सोबत दुसरा पायलट हवाच. युद्धात ६३ मोहिमा केलेला माणूस! १९६३च्या नोव्हेंबरात त्याने हवाई दलातला हुद्दा सोडला आणि नासाचा मुलकी नोकर झाला. पुढे फ्लाइट क्रू ऑपरेशन्सचा प्रमुख. जेमिनी मोहिमांपासून चंद्रावरच्या अपोलो मोहिमांपर्यंत कुठल्या यानात कोण बसणार, हे तो ठरवी. वरून मंजुरी लागत असे, पण यादी त्याची.

ड्युटी लावण्याचं काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. लॉबीत प्रत्येकजण येतो तो काहीतरी मनात घेऊन येतो. अमक्याला मेल मिळाली, मला मालगाडीच का? तमक्याचा रेस्ट माझ्याआधी कसा संपला? माझ्याकडे एक असिस्टंट ड्रायव्हर रोज यायचा, "काका, माझं नाव कुठे आहे लिंकमध्ये?" मी रोज सांगायचो, "येईल." लिंक, म्हणजे ड्युट्यांची पाळी, ठरलेली असते, पण एक गाडी रद्द झाली, एकजण सिकमध्ये गेला की खालची सगळी पानं हलतात. आणि ज्याची गाडी जाते त्याला वाटतं, याने मुद्दाम केलं.

स्लेटनचीही एक लिंक होती. ज्या मोहिमेचा तुम्ही राखीव चमू, तिच्या पुढच्या दोन सोडायच्या आणि तिसरीवर तुम्ही जायचं. अपोलो ८चा राखीव चमू अपोलो ११वर. साधा हिशेब. त्याशिवाय तो अंतराळवीरांनाच एक कागद भरायला लावी: तुम्ही स्वतः जाऊ शकत नसाल तर कुणाला पाठवाल? आपल्याच बरोबरीच्यांना क्रमाने लावा. मला ही युक्ती फार आवडली, कारण कोण कसा आहे हे साहेबापेक्षा सोबत बसणाऱ्याला जास्त ठाऊक असतं. त्या कागदांचा निकाल तो कुणाला सांगत नसे.

आणि लिंक हललीच. १९६८मध्ये चंद्रावर उतरायचं यान तयार नव्हतं. मॅकडिव्हिटचा चमू त्याच यानाचा अभ्यास करून बसला होता, म्हणून त्याची आणि बोरमनच्या चमूची अदलाबदल झाली. बोरमन अपोलो ८वर चंद्राला फेरी मारायला, मॅकडिव्हिट ९वर. त्यांच्याबरोबर राखीव चमूही बदलले. बोरमनच्या मागे आर्मस्ट्राँग होता, तो ९वरून ८ला आला, म्हणजे तीन मोजले की ११. मॅकडिव्हिटच्या मागे पीट कॉनराड होता, तो ९ला गेला, म्हणजे १२. ही एक अदलाबदल झाली नसती तर चंद्रावरचं पहिलं पाऊल बहुधा कॉनराडचं असतं. असे बदल मी लॉबीत रोज केलेत. तिथे फक्त कुणाची तरी दिवाळी हुकते.

डिसेंबर १९६८मध्ये, बोरमनचं यान चंद्राकडे जात असताना, स्लेटनने आर्मस्ट्राँगला बाजूला घेतलं आणि अपोलो ११ची ड्युटी सांगितली. विचारलं, ऑल्ड्रिन चालेल ना? नको असेल तर बोरमनच्या चमूतला लव्हेल देतो. आर्मस्ट्राँगने एक दिवस मागून घेतला आणि ऑल्ड्रिनच ठेवला. लव्हेलला स्वतःची कमांड मिळायला हवी, असं त्याचं मत होतं. तिसरा मायकेल कॉलिन्स. त्याला मानेच्या मणक्याच्या ऑपरेशनमुळे अपोलो ८मधून उतरावं लागलं होतं. बरा झाल्याबरोबर स्लेटनने त्याला पहिल्या मोकळ्या जागेवर बसवलं, आणि ती जागा ११ची निघाली. केन मॅटिंग्लीचंही तसंच. रुबेलाचा संसर्ग झाला असेल या शंकेने अपोलो १३मधून त्याला ऐन वेळी काढलं, आजार झालाच नाही, आणि पुढे त्याला १६ मिळालं. डॉक्टरांनी उतरवलेल्या माणसाला या माणसाच्या यादीत मागे टाकलं जात नव्हतं. माझ्या लेखी हा योगायोग नाही.

याच कारणाने एका ठिकाणी त्याचं माप मला हललेलं दिसतं, आणि तेही लिहायला हवं. ॲलन शेपर्ड, अंतराळात जाणारा पहिला अमेरिकन. त्याला कानाचा आजार झाला, चक्कर येऊ लागली, तोही जमिनीवर आला आणि स्लेटनच्या हाताखाली अंतराळवीरांचं ऑफिस सांभाळू लागला. दोघे उतरवलेले, शेजारी शेजारी टेबलं. शेपर्डच्या कानाचं ऑपरेशन यशस्वी झालं, १९६९मध्ये तो परत फिट झाला, आणि स्लेटनने त्याला थेट चंद्रावरची मोहीम दिली. अंतराळातला त्याचा अनुभव १९६१मधला पंधरा मिनिटांचा. पाळी खरं तर गॉर्डन कूपरची होती. तो अपोलो १०च्या राखीव चमूचा कमांडर होता, दोन मोहिमा करून आलेला. कूपर सरावात मन लावत नाही अशी तक्रार होती, ती खरीही असेल. पण मुख्यालयालासुद्धा शेपर्डला १३वर पाठवणं पटलं नाही, आणखी सराव हवा म्हणून त्याला १४वर ढकललं. मी त्या टेबलावर असतो तर कूपरचं नाव खोडताना माझा हात थांबला असता. कदाचित नसताही थांबला. समोर आपल्यासारखाच उतरवलेला माणूस फिट होऊन उभा आहे, आणि त्याला नाही म्हणायचं?

२७ जानेवारी १९६७. हे आधी यायला हवं होतं, पण मी टाळत होतो. केप केनेडीच्या ३४ नंबरच्या पॅडवर अपोलो १चा सराव चालू होता. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आत आग लागली. यानात शुद्ध ऑक्सिजन, दार आतल्या बाजूला उघडणारं. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघेही गेले. स्लेटन पॅडजवळच्या ब्लॉकहाउसमध्ये, म्हणजे भक्कम भिंतींच्या नियंत्रण कक्षात, होता. गस ग्रिसम त्याचा अगदी जवळचा मित्र, शिकारीला सोबत जाणारे दोघे. ग्रिसम जगता तर चंद्रावर पहिला तोच गेला असता, असं स्लेटनने पुढे स्वतःच लिहून ठेवलंय.

नासामध्ये अंतराळवीराला एक बिल्ला मिळतो. प्रशिक्षण पुरं झालं की चांदीचा, अंतराळात जाऊन आलं की सोन्याचा. स्लेटनला सोन्याचा मिळणं शक्य नव्हतं. म्हणून अपोलो १च्या तिघांनी त्याच्यासाठी गुपचूप एक करून घेतला, सोन्याचा, वर हिरा बसवलेला. उड्डाणात सोबत न्यायचा आणि परत आल्यावर त्याच्या हातात ठेवायचा, असा बेत होता. आग लागली. मग त्यांच्या बायकांनी तो स्लेटनला दिला. दोन वर्षांनी त्याने तो आर्मस्ट्राँगकडे दिला, आणि तो बिल्ला अपोलो ११मधून चंद्रावर जाऊन परत आला.

ज्यांना आपण ड्युटी लावतो त्यांनी आपल्यासाठी असं काही करावं, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठल्या साहेबाच्या सहीचं असेल असं मला वाटत नाही.

या सगळ्या काळात त्याने आशा सोडली नव्हती, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लोक म्हणतात, त्याने परिस्थिती स्वीकारली आणि टेबलावर मोठा झाला. नाही. टेबलावर मोठा झाला हे खरं, स्वीकारली हे खोटं. तो व्यायाम करत राहिला, सिगारेट सोडली, तपासण्या करून घेत राहिला. १९७०च्या सुमाराला जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेऊ लागला आणि ठोके बिघडणं थांबलं. त्याचं श्रेय तो गोळ्यांना देई. माझ्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय की असा उपाय करत बसू नका, आणि मीही इथे कुणाला सांगत नाही. १९७१च्या डिसेंबरात मेयो क्लिनिकमध्ये हृदयापर्यंत नळी घालून तपासणी झाली. दोष सापडला नाही. १३ मार्च १९७२ला नासाने जाहीर केलं, स्लेटन फिट. दहा वर्षं झाली होती, जवळजवळ दिवसाला दिवस.

आता फिट झाला, पण गाडी कुठे होती? चंद्रावरच्या दोनच मोहिमा उरल्या होत्या आणि त्यांचे चमू ठरलेले, स्कायलॅब या अंतराळस्थानकाचेही ठरलेले. दुसऱ्याचं नाव खोडून स्वतःचं घालण्याइतकी सत्ता त्याच्या हातात होती. त्याने ते केलं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिका आणि सोव्हिएत संघाने करार केला की दोघांची यानं अंतराळात जोडायची. एकच मोहीम, तीन जागा. कमांडर टॉम स्टॅफर्ड, सोबत व्हान्स ब्रँड, आणि डॉकिंग मॉड्यूल पायलट डीक स्लेटन. दोघेही त्याच्याच ऑफिसात, त्याच्या हाताखाली वाढलेले. वयाच्या पन्नाशीत तो रशियन शिकायला बसला आणि मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत जाऊन सराव करून आला.

त्याच्या वाट्याचं डॉकिंग मॉड्यूल म्हणजे दोन यानांमधली देवडी. अपोलोत शुद्ध ऑक्सिजन, दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश. सोयुझ या सोव्हिएत यानात आपल्यासारखी हवा आणि जवळजवळ पूर्ण दाब. सरळ दार उघडलं असतं तर रशियनांच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले असते. म्हणून मध्ये साधारण तीन मीटरची एक नळकांडी खोली. एका बाजूचं दार लावायचं, हवा बदलायची, दाब जुळवायचा, मगच दुसरं दार. सोयुझचा दाबही त्यासाठी खाली आणला होता. हे सगळं सांभाळणं स्लेटनकडे.

१५ जुलै १९७५. सोव्हिएत तळ बायकोनूरहून लिओनोव्ह आणि कुबासोव्ह हे अंतराळवीर निघाले, साडेसात तासांनी फ्लोरिडाहून हे तिघे. १७ जुलैला यानं जोडली गेली, दारं उघडली, स्टॅफर्ड आणि लिओनोव्हने हात मिळवले. स्लेटन ५१ वर्षांचा होता, तोपर्यंत अंतराळात गेलेल्यांत सगळ्यात वयस्क. लिओनोव्हने त्यांच्यापुढे व्होडकाची लेबलं चिकटवलेल्या ट्यूब ठेवल्या. आत बीटचं सूप, बोर्श्ट.

परतीला २४ जुलैला गडबड झाली. पॅराशूट आपोआप उघडायचे स्विच वेळेवर लागले नाहीत, पॅराशूट हाताने सोडावी लागली, थ्रस्टर, म्हणजे यान वळवायची छोटी इंजिनं, चालूच राहिले आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विषारी वायू आत आला. ब्रँडची शुद्ध गेली. स्टॅफर्डने ऑक्सिजनचे मास्क काढून त्याच्या तोंडावर लावला. तिघांनाही होनोलुलूच्या हॉस्पिटलात ठेवलं, छातीचे एक्स-रे काढले, आणि स्लेटनच्या फुप्फुसावर एक डाग दिसला.

ऑपरेशन झालं, डाग साधा निघाला, कॅन्सर नव्हता. पण तो उड्डाणाआधी दिसला असता तर? पुन्हा तेच डॉक्टर, तेच टेबल, तेच वाक्य, आणि या वेळी पुढची गाडी नव्हती.

नंतर त्याने स्पेस शटलच्या सुरुवातीच्या चाचण्या सांभाळल्या, १९८२मध्ये नासा सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या कंपनीने टेक्सासमधून कोनेस्टोगा नावाचं रॉकेट सोडलं, खासगी पैशातून अंतराळात पोचलेलं पहिलं. छोट्या विमानांच्या शर्यतीतही उतरायचा, एकट्याने. मेंदूतल्या गाठीने १३ जून १९९३ला गेला, ६९ वर्षांचा असताना.

मी परत ए-वन झालो नाही. लॉबीतूनच रिटायर झालो. तो रोज विचारणारा असिस्टंट आता मेल चालवतो, आणि त्याची पहिली मेल माझ्याच हातून लागली. घरी आणलेल्या जुन्या वहीचं एक पान कोरं होतं. त्यावर मी एकदा रात्री स्लेटनची नोंद केली, जशी आपल्याकडे करतात तशी. साइन ऑन १५ जुलै १९७५. साइन ऑफ २४ जुलै १९७५. एकूण ड्युटी २१७ तास २८ मिनिटं.